दीड आटा बाहेर

(दोघेही दिल्लीतल्या मुनिरक्यात राहणारे मराठी. एक गाड्यांचं वेड असलेला तरुण, दुसरे वयाने मोठे आणि स्वभावाने शंकेखोर. वाद दिल्लीच्या हवेवरून निघाला आणि कार्बोरेटरवर येऊन अडला. पुढचं तिथून.)

गाडीवेडा : दिल्लीच्या हवेचा विषय निघाला की सगळे पंजाबातल्या पेंढ्यावर घसरतात, काका. मी आधी आपल्या गल्लीतल्या सायलेन्सरकडे बघतो. आयआयटी कानपूरने २०१६ साली दिल्ली सरकारला जो अहवाल दिला, त्यात वाहनांमधून येणाऱ्या पीएम २.५ मध्ये ट्रकांच्या खालोखाल नंबर दुचाकींचा होता, जवळजवळ एक तृतीयांश. आणि दुचाकीचं दुखणं बहुतेक वेळा साधं असतं : हवा आणि पेट्रोल यांचं प्रमाण. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा मिळाली तर ते हिशेबाने पूर्ण जळतं. लिटरभर पेट्रोल पाऊण किलोच्या आसपास भरतं, म्हणजे त्याला अकरा किलो हवा हवी. अकरा किलो हवा म्हणजे नऊ हजार लिटर! फिल्टर धुळीने बुजला, किंवा कार्बोरेटरमधला पेट्रोलचा जेट झिजून त्याचं भोक मोठं झालं, की मिश्रण रिच होतं, म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. ऑक्सिजन कमी पडला की कार्बन अर्धाच जळतो आणि मोनॉक्साइड होऊन बाहेर पडतो. हा मोनॉक्साइड म्हणजे अजून जळू शकला असता असा वायू; पैसे मोजून घेतलेली उष्णता तुम्ही गल्लीत सोडून दिलीत. म्हणून ‘गाडी अ‍ॅव्हरेज किती देते’ हा आपल्याकडचा आवडता प्रश्न आणि ‘गाडी घाण किती करते’ हा दिल्लीकराचा प्रश्न, दोन्हींचं उत्तर कार्बोरेटरच्या एकाच स्क्रूवर आहे, मिश्रणाच्या. तो नीट लावून घ्या. शे-दोनशे रुपयांचं काम.

शंकेखोर : एका स्क्रूवर दोन उत्तरं टांगलीस, इथेच माझी शंका सुरू होते. रिच मिश्रणाबद्दल तू म्हणतोस ते मान्य. पण हवा वाढवत नेली तर सर्वांत चांगलं अ‍ॅव्हरेज कुठे मिळतं? १४.७ वर नव्हे. त्याच्या पुढे, साडेपंधरा-सोळाच्या आसपास, मिश्रण थोडं लीन असताना. ताकद सर्वांत जास्त मिळते ती साडेबारा-तेराला. म्हणजे पिकअपवाला एका बाजूला, अ‍ॅव्हरेजवाला दुसऱ्या. आता त्या सोळाला सिलिंडरमध्ये काय चाललेलं असतं ते बघ. मोनॉक्साइड जवळपास संपलेला असतो, न जळलेलं पेट्रोलही कमी झालेलं असतं. पण ज्वाला अजून चांगली तापलेली असते आणि ऑक्सिजन शिल्लक उरलेला असतो. हवेतला नायट्रोजन एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात; एवढ्या तापात मात्र तोही ऑक्सिजनशी जुळतो आणि नायट्रोजनचे ऑक्साइड तयार होतात, ज्यांना नॉक्स म्हणतात. ते सर्वांत जास्त तयार होतात ते नेमके याच टापूत. तुझ्या स्क्रूने अ‍ॅव्हरेज सुधारलं, मोनॉक्साइड घालवला आणि नॉक्स आणला. आपल्या शेजारी आर. के. पुरमला हवा मोजण्याचं स्टेशन आहे, तिथे दोन्हींचे आकडे वेगवेगळे नोंदले जातात. हिवाळ्यात या नॉक्सपासून नायट्रेट बनतं, अमोनियाला मिळतं आणि पीएम २.५ मध्येच जमा होतं. उन्हाळ्यात तोच ओझोन तयार व्हायला मदत करतो. तेव्हा ‘घाण कमी झाली’ म्हणण्याआधी कुठली घाण, ते सांग.

गाडीवेडा : पुस्तकातली वक्ररेषा बरोबर आहे, पण ती प्रयोगशाळेत लोडवर चालवलेल्या इंजिनाची. बाबा गंगनाथ मार्गावर संध्याकाळी सातला उभे राहा. गाड्या चालतात कुठे? बहुतेक वेळ उभ्याच असतात, आयडलवर. आयडलला ज्वाला इतकी तापतच नाही, त्यामुळे नॉक्स नगण्य. उलट जुना धूर सिलिंडरमध्ये रेंगाळलेला असतो, म्हणून इंजिन बंद पडू नये यासाठी मिश्रण मुद्दाम थोडं रिच ठेवावं लागतं. मोनॉक्साइड निघतो तो तिथे, आणि निघतो तो थेट मागच्या स्कूटरवाल्याच्या नाकाशी. ते थोडं म्हणजे किती, एवढंच मिस्त्रीने ठरवायचं. चांगला मिस्त्री हे कसं करतो, ते बघण्यासारखं असतं. आधी इंजिन नीट गरम होऊ देतो. थंड गाडीवर कधीही ट्यूनिंग करत नाही. मग आयडलचा स्क्रू थोडा वर घेतो. मग बारीक स्क्रूड्रायव्हरने मिश्रणाचा स्क्रू हळूहळू एका बाजूला फिरवतो, गाडी मिसिंग मारेपर्यंत. मग उलट फिरवतो, आवाज चढत जातो, एका जागी सर्वांत उंच होतो आणि पुन्हा जड पडू लागतो. त्या सर्वांत उंच जागेवर थांबायचं, आयडल पुन्हा खाली आणायचं. पूर्ण बसवलेल्या स्क्रूपासून ही जागा साधारण दीड आटा बाहेर येते, कधी पावणेदोन, कधी दोन. स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा असतो, आत नेला की मिश्रण रिच. इंजिनाच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा, आत नेला की लीन. हे ज्याला माहीत नाही त्याच्या हातात गाडी देऊ नये. मग दोन-चार दिवस गाडी चालवून प्लग काढून बघायचा : काजळी धरलेला म्हणजे रिच, खडूसारखा पांढरा म्हणजे लीन, बिस्किटाच्या रंगाचा म्हणजे झालं काम. यात कुठलं यंत्र नाही. कान आणि डोळे.

शंकेखोर : कान कौतुकास्पद आहे, पण तो ऐकतो काय? इंजिन सुखाने फिरतंय की नाही एवढंच. आणि तो स्क्रू अंमल किती चालवतो? आयडल आणि त्याच्या जरा पुढे, थ्रॉटलच्या पहिल्या चतुर्थांशापर्यंत. त्यापुढे पेट्रोल किती ते ठरवतो आधी स्लाइडचा काप, मग नीडल, शेवटी मेन जेट. आऊटर रिंग रोडच्या फ्लायओव्हरवर तू चौथ्या गिअरला गाडी ताणतोस, तेव्हा तुझ्या दीड आट्याचा तिथे काडीचा संबंध नसतो. आता गंमत बघ. पीयूसीवाला काय करतो? सायलेन्सरमध्ये नळी घालतो, गाडी आयडलवर. मोजतो काय? मोनॉक्साइड आणि न जळलेलं हायड्रोकार्बन. २००० नंतरच्या, पण बीएस-४ (भारत स्टेज) नियमांच्या आधीच्या फोर-स्ट्रोक दुचाकीला मोनॉक्साइड साडेतीन टक्के आणि हायड्रोकार्बन ४५०० पीपीएमपर्यंत माफ. साडेतीन टक्के मोनॉक्साइड म्हणजे मिश्रण तेराच्या आसपास, म्हणजे बऱ्यापैकी रिच असलं तरी पास. नॉक्स तर मोजतच नाहीत. गाडीच्या सगळ्या मुलखातून परीक्षेला एकच वाडी घेतली, आणि तीही नेमकी स्क्रूच्या हद्दीतली. पीयूसीला जाण्याआधी स्क्रू लीन करायचा, पास व्हायचं, गाडी झटके मारते म्हणून परत पूर्वीच्या जागी आणायचा, हा उद्योग काय तुला माझ्याकडून कळायला हवा?

गाडीवेडा : तो उद्योग मी पाहिलाय, आणि तो चोरीचाच आहे. पण आयडलला नॉक्स मोजत नाहीत, कारण तिथे मोजण्याजोगा तो असतच नाही. यात लबाडी नाही. लोडवर मोजायचा तर गाडी रोलरवर चढवावी लागेल, आणि पंपाच्या कोपऱ्यातल्या टपरीत रोलर बसवणार कोण? दुसरं असं की मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन हीच या शहराची जुनी दुखणी होती. टू-स्ट्रोकचा जमाना आठवा. ताजं मिश्रण आत येतं, तेव्हा धुराचं दारही उघडंच असतं. जळण्याआधीच त्यातला मोठा हिस्सा निसटून जातो. काही वेळा एक तृतीयांशापर्यंत. त्यात ऑइलचा निळा धूर. दिल्लीत १९९८ मध्ये टू-टी ऑइल सुटं विकणं बंद करून पंपावरच मोजून मिसळलेलं द्यायला लागले, ते याचसाठी. तिथे कुठलाही स्क्रू कामाचा नव्हता, इंजिनच बदलावं लागलं. आपल्या शेजारच्या धारूहेड्यातून १९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी-१०० निघाली, शंभर सीसीची फोर-स्ट्रोक, आणि ती हवेसाठी म्हणून कुणी घेतली नाही. अ‍ॅव्हरेजसाठी घेतली. हवा आपोआप सुधारली. माझं म्हणणं हेच आहे : खिशाचं आणि हवेचं हित एका दिशेला असतं.

(टू-स्ट्रोक आरएक्स-१०० या मोटरसायकलचं नाव दोघांपैकी कुणीच घेतलं नाही. घेतलं असतं तर वाद तिथेच मऊ पडला असता. त्या गाडीच्या धुराबद्दल वाईट बोलणारा मराठी माणूस निदान मला भेटलेला नाही.)

शंकेखोर : एकदा तसं झालं, म्हणून नेहमी तसंच होईल असं नाही. टू-स्ट्रोकमध्ये फुकट जाणारं पेट्रोल हीच घाण होती, म्हणून दोन्ही हितं जुळली. फोर-स्ट्रोकने ती सोपी कमाई संपवली. उरला तो सौदा : हे घटवलं की ते वाढतं. आणि आपल्या नियमांनी हा सौदा बरीच वर्षं चालू दिला. दुचाकींसाठी हायड्रोकार्बन आणि नॉक्स यांची बेरीज करून एकच मर्यादा असायची : २००० मध्ये किलोमीटरला दोन ग्रॅम, २००५ मध्ये दीड, २०१० मध्ये एक. बेरीज म्हटल्यावर कंपनीने यातलं कमी करून त्यातलं वाढवलं तरी चालायचं. बीएस-४ मध्ये नॉक्सला वेगळी मर्यादा आली आणि १ एप्रिल २०२० च्या बीएस-६ पासून खातीच वेगळी झाली : नॉक्स ०.०६ ग्रॅम, हायड्रोकार्बन ०.१. त्या दिवशी तुझा स्क्रू मेला.

गाडीवेडा : मेला, कबूल. आणि कसा मेला तेही सांगतो, कारण त्यात तुमच्या सौद्याचं उत्तर आहे. धुराच्या नळीत ऑक्सिजन सेन्सर बसवला, कार्बोरेटरच्या जागी इंजेक्टर. सेन्सर सांगतो ऑक्सिजन उरला की नाही, आणि इंजेक्टर पेट्रोल किंचित वाढवतो, किंचित घटवतो. मिश्रण सतत १४.७ च्या या बाजूला, त्या बाजूला हेलकावतं. एवढा आटापिटा कशाला? कारण पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे. तो मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन जाळतो आणि त्याच वेळी नॉक्समधला ऑक्सिजन काढून नायट्रोजन मोकळा करतो; पण ही दोन्ही कामं एकत्र तो एका अरुंद फटीतच करू शकतो, अगदी १४.७ च्या आसपास. जरा लीन झालं की नॉक्सचं काम बंद, जरा रिच झालं की मोनॉक्साइडचं. हे-की-ते यातून सुटका झाली. देशातल्या पहिल्या बीएस-६ मोटरसायकलला, हीरोच्या स्प्लेंडर आय-स्मार्टला, प्रमाणपत्र मिळालं ते आपल्याच एनसीआरमध्ये, मानेसरच्या आयकॅट या चाचणी संस्थेत, २०१९ साली.

शंकेखोर : सुटका नव्हे, तडजोड. तूच म्हणालास की मिश्रण १४.७ ला बांधलं. पण अ‍ॅव्हरेज सर्वांत चांगलं मिळतं ते सोळाला. म्हणजे त्या गाडीने थोडं अ‍ॅव्हरेज मुद्दाम सोडून दिलं, कन्व्हर्टरला जगवण्यासाठी. खिशाचं आणि हवेचं हित एका दिशेला, हे तुझं सूत्र तुझ्याच आवडत्या तंत्राने मोडलं. आणि ही शिस्त तरी कधी पाळली जाते? थ्रॉटल पूर्ण पिळला की इंजेक्टर चालवणारा कंट्रोलर सेन्सरचं ऐकणं सोडतो, इंजिन आणि कन्व्हर्टर थंड राहावेत म्हणून मिश्रण रिच करतो. करोल बागेत जाऊन सायलेन्सर बदलला की कन्व्हर्टर गेलाच. मग आत १४.७ असो की १४, बाहेर येणाऱ्या धुराला धुणारं कुणी नाही. शिवाय एक गोष्ट मला खटकते. पूर्वी मिस्त्रीला, मालकाला निदान कळायचं की आपण काय करतोय. आता पिवळा दिवा लागेपर्यंत कुणालाच काही कळत नाही.

गाडीवेडा : कळत होतं म्हणून काय फार भलं झालं? कार्बोरेटरला ऋतूसुद्धा कळत नाही. जानेवारीत पहाटे पाच अंश, मे महिन्यात दुपारी पंचेचाळीस. थंड हवा सुमारे १४ टक्के जड. कार्बोरेटर या फरकाची निम्मीच भरपाई करतो, म्हणजे उन्हाळ्यात बरोबर लावलेली गाडी थंडीत सहा-सात टक्के लीन. दिल्लीची पोरं बुलेट घेऊन लेहला जातात, वरच्या खिंडींत हवा इथल्यापेक्षा निम्म्याहून थोडीच जास्त. तिथे तीच गाडी रिच होऊन काळा धूर ओकते, दम सोडते. मिस्त्री मग काय करतो? तक्रार येऊ नये म्हणून थोडं रिचच ठेवतो. कायमचं. सेन्सर निदान दर क्षणी नवा हिशेब करतो. तो कुणाला दिसत नाही म्हणून वाईट ठरत नाही.

शंकेखोर : मग आता असा एक स्क्रू सांगतो जो सगळ्या देशाच्या गाड्यांना एकदम लागला आणि कुणाच्या लक्षातही आला नाही. इथेनॉल. शुद्ध इथेनॉलला हवा लागते ९ भाग, म्हणून वीस टक्के इथेनॉलच्या ई-२० ला लागते साडेतेराच्या आसपास. शुद्ध पेट्रोलवर लावलेल्या कार्बोरेटरची भोकं तीच, टाकीत ई-२०. गाडी बसल्या जागी सात-आठ टक्के लीन. कोल्हापूर-सांगलीचा ऊस मुनिरक्यातल्या गाडीचं मिश्रण ठरवतोय, हे काही कमी नवल नाही! आणि अ‍ॅव्हरेज? नीती आयोगाने २०२१ मध्ये जो आराखडा काढला, त्यातच म्हटलंय : शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई-१० वर बेतलेल्या दुचाकीचं अ‍ॅव्हरेज तीन-चार टक्के कमी होईल. लीन केलं की अ‍ॅव्हरेज वाढतं, हे तुझंच सूत्र. इथे लीन झालं आणि अ‍ॅव्हरेज घटलं.

गाडीवेडा : कारण लिटरमागे उष्णताच कमी; त्यात मिश्रणाचा दोष नाही. आणि तोच आराखडा पुढे वाचा. ई-२० वर दुचाकींचा मोनॉक्साइड निम्म्याने कमी, हायड्रोकार्बन वीस टक्के कमी.

शंकेखोर : आणि त्याच्या पुढचं वाक्य? नॉक्सचा ठळक कल दिसला नाही, इंजिनाप्रमाणे आणि चालवण्याच्या तऱ्हेप्रमाणे बदलतो. अ‍ॅसिटाल्डिहाइड वाढतं, पण ते कुठल्या मर्यादेत धरलेलं नाही. मी तासाभरापासून हेच म्हणतोय. जे मोजणं सोपं, ते सुधारलं. जे अवघड, ते ‘गाडीवर अवलंबून’.

गाडीवेडा : ठीक, मोजण्यावरच येऊ. राष्ट्रीय हरित लवादाने, म्हणजे एनजीटीने, २०१४ मध्ये हुकूम काढला, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तो उचलून धरला : दिल्लीत पंधरा वर्षांपेक्षा जुनी पेट्रोलची गाडी रस्त्यावर नको. १ जुलै २०२५ पासून अशा गाड्यांना पंपावर पेट्रोलच द्यायचं नाही असं ठरलं आणि आठवडाभरात ते पुढे ढकलावं लागलं. वय बघून गाडी भंगारात काढायची, हा सर्वांत आंधळा नियम. सोळा वर्षांची नीट राखलेली स्प्लेंडर घाण, आणि कन्व्हर्टर उपटून फटाके फोडत जाणारी दोन वर्षांची गाडी स्वच्छ?

शंकेखोर : नीट राखलेली, हे सिद्ध कशाने करणार? पीयूसीने? ती काय बघते ते आपलं आत्ताच ठरलं. वय आंधळं आहे खरं, पण पीयूसीच्या टपरीबाहेर स्क्रूड्रायव्हरने वय बदलता येत नाही.

गाडीवेडा : मग लोडवर मोजा. रोलर बसवा, नॉक्सही मोजा. सगळीकडे नको, दोन-तीन ठिकाणी तरी, जुन्या गाड्यांसाठी. पास झाली तर राहू द्या.

शंकेखोर : बसव. आणि समज, जुन्या कार्बोरेटरवाल्या गाडीचा नॉक्स जास्त आला. मालकाला काय सांगणार? नीडल एक खाच वर घे, मिश्रण रिच कर. नॉक्स उतरेल, मोनॉक्साइड चढेल, अ‍ॅव्हरेज पडेल. त्या गाडीला कन्व्हर्टर नाही, तेव्हा तिसरा रस्ता नाही. दिवसाला शंभर-सव्वाशे किलोमीटर डिलिव्हरीसाठी फिरणाऱ्या पोराला तू हे सांगणार?

गाडीवेडा : आर. के. पुरमचे आकडे बघून सांगेन. डिसेंबरमध्ये जे जास्त असेल ते उतरवायचं, मे मध्ये दुसरं. नीडलला खाचा त्यासाठीच असतात.

शंकेखोर : आणि तो त्याच्या टाकीकडे बघून ठरवेल.

गाडीवेडा : ठरवेल. तेव्हा त्याच्या पेट्रोलचा फरक कुणी भरायचा, ते ठरवा. स्क्रू मी लावून देतो.